डबल दरवाज्याची दुसरी झडप कायम बंद ठेवताय? या चुका टाळा

मागच्या लग्नसराईत सोलापुरात होटगी रोडला एका मंगल कार्यालयात गेलो होतो. दरवाज्याच्या फिटिंगचं काम करतो त्यामुळं नजर आधी दाराकडंच जाते. हॉलचा मेन दरवाजा दोन झडपांचा, मोठा, झकास पॉलिश केलेला, पण उघडी एकच झडप आणि त्यातनं सगळं वऱ्हाड जेवायला सरकतंय. दुसरी उघडून बघावी म्हणून खाली वाकलो तर टॉवर बोल्ट, म्हणजे फरशीत किंवा चौकटीत सरकणारी कडी, हलेचना, फरशीतल्या भोकात अक्षता, हळद आणि पुसताना ढकललेली माती बसून दगडासारखी घट्ट झालेली. वरचा बोल्ट तर स्टूल घेतल्याशिवाय हाताला लागत नाही. मॅनेजरला विचारलं तर म्हणाले, ती झडप आम्ही उघडतच नाही ओ.

सगळ्यात मोठी चूक हीच. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६, म्हणजे देशाच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे जिथं लोक जमतात अशा इमारतीत बाहेर पडायचा दरवाजा किमान २००० मिलिमीटर रुंद पाहिजे, इतर ठिकाणी १०००. दोन मीटरचं दार बसवून एक झडप बोल्ट मारून ठेवली की उरलं एकच मीटर, नकाशात दोन आणि धूर झाल्यावर एक. वर कोड असंही म्हणतो की असं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे आणि आतनं किल्ली न लावता उघडलं पाहिजे. म्हणजे आतनं कुलूप नकोच, साखळी तर अजिबात नको. घरच्या दाराला टॉवर बोल्ट चालतो, मी पण लावून देतो, पण हॉल, शाळा, क्लास, कारखाना इथं नाही.

अमेरिकेत शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ ला आग लागून ६०० च्या वर माणसं गेली, तिथल्या काही दारांना अशा कड्या होत्या की लोकांना त्या कशा उघडायच्या तेच कळेना. त्यानंतर पॅनिक बार आले, आडवा दांडा, अंगानं ढकलला तरी दार उघडतं. आपल्याकडं अक्कलकोट रोड एमआयडीसीत १८ मे २०२५ ला टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले, ते आठवलं की हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मग बसवायचं काय? दोन्ही झडपांना पॅनिक बार, त्यातनं वर-खाली जाणारे रॉड. एकाच झडपेला बार लावून दुसरीला हातबोल्ट ठेवतात, पैसे वाचतात, पण दार अर्धंच राहतं. बारची उंची अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या अग्निसुरक्षेच्या नियमावलीत ८६५ ते १२२० मिलिमीटर आहे, आपल्या कंबरेच्या आसपास, तीच धरा. काही मिस्त्री छातीच्या वर लावतात, लहान पोरगं ढकलणार कसं?

बार लावूनही तक्रार येते की खालचा रॉड अडकतो. बहुतेक वेळा रॉड ज्यात बसतो त्या फरशीतल्या वाटीत कचरा असतो, ती साफ करा आणि स्प्रिंगचं झाकण असलेली वाटी बसवा, बोल्ट वर गेला की झाकण वर येतं, अक्षता आत पडत नाहीत. तरी अडकत असेल तर बिजागरीचे स्क्रू बघा, झडप खाली बसलेली असते. रॉड कापून छोटा करू नका, मग तो धरतच नाही आणि वॉचमन सुतळीनं दार बांधून ठेवतो.

फायर डोअरला, म्हणजे आग-धूर अडवणाऱ्या दाराला, मधल्या फटीवर पट्टी असेल तर बंद होताना क्रम महत्त्वाचा, पट्टीवाली झडप शेवटी बसली पाहिजे. ती आधी बसली की दुसरी पट्टीवर टेकून उघडी राहते आणि धूर आरपार जातो. त्यासाठी चौकटीत वरती कोऑर्डिनेटर, म्हणजे झडपा क्रमानं बंद करणारा भाग लागतो, दार आपोआप ओढून घेणारा क्लोजर कितीही कडक केला तरी हे सुटत नाही.

मॅग्नेट लॉक, म्हणजे विजेवर धरणारं चुंबकी कुलूप असेल तर मेन स्विच पाडून बघा, लाईट गेल्यावर दार सुटलंच पाहिजे.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सवाल्या एजन्सीचा बी फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. एजन्सीचा माणूस आला की नुसते आग विझवायचे सिलेंडर मोजू देऊ नका, त्याला आतनं दार ढकलायला लावा, दोन्ही झडपा, एका हातानं आणि दिवे बंद करून.