गेटवर उभं राहण्याआधी बटवा भरा

तिकीट, पासपोर्ट, चार्जर, पाण्याची रिकामी बाटली यांवर मी शब्द खर्च करणार नाही, ते सगळ्यांना पाठ असतं. ही यादी गेटवरच्या त्या अर्ध्या तासापुरती आहे, जेव्हा विमानात सोडण्यासाठी माइकवरून ग्रुप एक, ग्रुप दोन अशी हाक सुरू होते आणि आपण बोर्डिंग पास बघतो तर त्यावर शेवटचा आकडा. मागच्या खेपेला मी बाकी सगळं नीट केलं होतं. बॅग टेपने मोजली, वजन केलं, चेक-इन वेळेत केलं. फक्त बटवा केला नाही. त्या एका बटव्यापायी एक रात्र परक्या विमानतळाजवळ बीपीच्या गोळीशिवाय काढली.

म्हणून आधी बटवा. चेन असलेली कुठलीही लहान पिशवी चालेल. तिच्यात तीन दिवसांची औषधं, पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, पासपोर्ट, घराची किल्ली आणि चष्मा. विमान बदलायचं असेल तर पुढचा बोर्डिंग पाससुद्धा. ही पिशवी केबिन बॅगेत सगळ्यात वर ठेवायची. कपड्यांच्या घड्यांमध्ये नाही आणि तळाशी तर नाहीच. चेन ओढली की पहिला तोच हाताला लागला पाहिजे. कारण पुढे येईलच, पण कारण वाचेपर्यंत थांबू नका, आत्ता उठून भरा.

आता ग्रुपचं. तो गेटवर ठरत नाही, तिकीट काढतानाच बहुतेक ठरलेला असतो. आत सोडण्याचा क्रम साधारण असा: आधी व्हीलचेअरवाले, मदत लागणारे, कडेवर मूल असलेले. मग बिझनेस क्लास, मग वरचेवर उडणारे कार्डधारक, मग कंपनीचं क्रेडिट कार्ड असलेले, मग पैसे भरून पुढचा नंबर घेतलेले. मग आपण. सगळ्यात स्वस्त तिकीट घेतलं की शेवटचा ग्रुप पदरात पडणारच, त्यात गेटवरच्या मुलीशी वाद घालण्यासारखं काही नसतं. अमेरिकन एअरलाइन्सचे नऊ ग्रुप आहेत. युनायटेडचे सहा, आणि ऑक्टोबर २०२३ पासून तिथे इकॉनॉमीत खिडकीवाले आधी, मधले नंतर, मधल्या वाटेकडेचे त्यानंतर; बेसिक इकॉनॉमीवाले, म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकिटाचे, बहुतेक वेळा सहाव्यात. म्हणजे तिथे खिडकीची सीट घेतली तर थोडं आधी आत जाता येतं. तुमच्या कंपनीत कसं आहे ते तिच्या साइटवर दोन मिनिटांत कळतं. वाचा.

एक जुना सल्ला अजून फिरत असतो: चोवीस तास आधी गजर लावा आणि पहिल्या सेकंदाला चेक-इन करा. तो मुख्यतः अमेरिकेतल्या साउथवेस्ट या विमान कंपनीच्या प्रवाशांसाठी होता. तिथे सीट नंबरच नसायचे. ए, बी, सी असे गट आणि प्रत्येकात एक ते साठ आकडे, आणि लवकर चेक-इन करणाऱ्याला पुढचा आकडा. २७ जानेवारी २०२६ पासून तिथेही सीट आधी ठरते. जिथे ग्रुप तिकिटाच्या प्रकारावर ठरतो तिथे पहाटे उठून चेक-इन केल्याने सीट बरी मिळू शकते, ग्रुप बदलत नाही. आणखी एक घोळ बोर्डिंग पासवरच्या ‘एसईक्यू’ (SEQ) अशा अक्षरांपुढच्या आकड्याचा. तो चेक-इनचा क्रम आहे, आत जाण्याचा नाही. तो आकडा दाखवत रांगेत पुढे घुसणारे काका मी पाहिले आहेत. ग्रुप किंवा झोन असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तेच खरं.

ग्रुपांमुळे विमान लवकर भरतं, असा एक भाबडा समज आहे. जेसन स्टेफन या खगोलभौतिकीच्या अभ्यासकाने २००८ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला, आणि पुढे ७२ माणसं घेऊन, बारा ओळींच्या नकली केबिनमध्ये प्रत्यक्ष करून पाहिलं. ओळींचे गट पाडून सोडलं तर जवळपास सात मिनिटं लागली. कुणीही कसंही जा म्हटलं तर पावणेपाच. त्याची स्वतःची पद्धत, म्हणजे मागून सुरुवात, आधी खिडक्या आणि तेही एक ओळ सोडून एक, साडेतीन मिनिटांच्या जरा वर. घोळ चालण्यात नसतो, बॅग वर ठेवताना वाट अडते त्यात असतो. तरी कंपन्या ती पद्धत घेत नाहीत, कारण आईला आधी आणि पोराला नंतर कोण सोडणार, आणि पुढचा नंबर ही विकायची वस्तू आहे.

विकायची वस्तू ती का, तर डोक्यावरचा कप्पा. सीट तर आपलीच असते, आधी जा नाहीतर नंतर. कप्पा मात्र कुणाच्या नावाचा नसतो. बोइंगच्या जुन्या ७३७ मध्ये एका कप्प्यात मोठ्या चार बॅगा बसायच्या, नव्या खोल कप्प्यांत उभ्या ठेवल्या तर सहा. तुम्हाला कुठलं विमान मिळेल याचा नेम नाही. शेवटच्या ग्रुपात असाल तर कप्पा भरलेलाच असेल असं धरून चला, म्हणजे बॅग तुमच्या हातातून काढून घेतली जाणार असं धरून चला, म्हणजे बटवा. आलं लक्षात?

बॅगेचं माप कंपनीचं बघा, दुकानातल्या लेबलवरचं नाही. चाकं आणि हँडल मापात धरतात. युरोपातल्या रायनएअरसारख्या कंपन्यांमध्ये जादा पैसे भरून ‘प्रायॉरिटी’ घेतली नसेल तर सीटखाली मावेल एवढी एकच लहान बॅग नेता येते. तिथे प्रायॉरिटी म्हणजे आधी जाण्याचा मान कमी आणि दुसरी बॅग नेण्याचा परवाना जास्त. माप चुकलं तर गेटवर दंड बसतो. जागा नाही म्हणून काढून घेतलेल्या बॅगेला सहसा पैसे लागत नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, भांडण्याआधी आपली कुठली ते ओळखा.

सीट निवडताना पहिल्या, भिंतीसमोरच्या ओळीचा मोह होतो, पाय पसरता येतात म्हणून. पण समोर सीट नाही म्हणजे सीटखालची जागाही नाही. उडताना आणि उतरताना लहान पर्ससुद्धा वर ठेवावी लागते. शेवटचा ग्रुप आणि भिंतीसमोरची सीट, हे दोन्ही एकत्र घेऊ नका. घेतलंच असेल तर बटवा गळ्यात अडकवण्याजोगा पट्टीवाला घ्या, नाहीतर खिशात मावेल एवढा.

पॉवर बँकेबद्दल जरा थांबते, कारण माझी फजिती तिथूनच सुरू झाली. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाहीत. गेटवर काढून घेतलेली बॅगही पोटातच जाते, म्हणून तिलाही हाच नियम. ई-सिगारेटचंही तेच. बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-तासांत (Wh) मोजतात, मर्यादा १०० ची. १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. बँकेवर वॉट-तास लिहिलेले नसतील तर तिच्यावरचा एमएएचचा (mAh) आकडा गुणिले ३.७ भागिले हजार: वीस हजारांची बँक ७४ वॉट-तासांची, सत्तावीस हजारांची जेमतेम शंभरात. छापील आकडा घासून गेलेली बँक घरीच ठेवा, तपासणीत हटकतात.

यात बाऊ नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उडण्याआधीच जमिनीवर पेटलं. आग वरच्या कप्प्यातून सुरू झाली आणि तपासात पॉवर बँकेवर संशय गेला. माणसं सगळी बाहेर पडली, विमान जळून गेलं. मार्चपासून तिथल्या विमानांत पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई झाली. नंतर आणखी काही कंपन्यांनी विमानात ती वापरायलाच बंदी केली. म्हणजे बॅगेला वर जागा मिळाली तरी बटवा तिच्याबरोबर वर जायचा नाही, तो आपल्याजवळ. दोन्ही वाटांनी बटवाच.

तर माझं काय झालं. शेवटचा ग्रुप, विमान भरलेलं. गेटवरून विमानात नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी एक माणूस टॅगचं भेंडोळं घेऊन उभा. माझ्या बॅगेला टॅग बांधत त्याने विचारलं, आत बॅटरी? मी ठामपणे नाही म्हटलं. चार पावलं गेल्यावर आठवलं. परत आले, बॅग जमिनीवर उघडली, मागे वीस माणसं उभी, आणि पॉवर बँक अर्थातच तळाशी, मोज्यात गुंडाळलेली. पातळं, टॉवेल, सगळं बाहेर. बँक मिळाली, सामान कोंबलं, बॅग गेली. गोळ्या बॅगेतच. त्या क्षणी गोळ्या सुचतच नाहीत. तिथे फक्त मागच्या वीस माणसांचे डोळे सुचतात. म्हणून तर वस्तू आधीच एकत्र हव्यात: गडबडीत एकच वस्तू आठवते, ती बटवा असू दे, बाकीच्या आपोआप त्याच्याबरोबर येतात.

टॅग बांधणाऱ्याला एक प्रश्न विचाराच: बॅग विमानाच्या दारात परत मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर? लहान विमानांत ती अनेकदा उतरल्यावर दारातच देतात. मोठ्या विमानांत बहुधा पट्ट्यावर, आणि विमान बदलायचं असेल तर थेट शेवटच्या मुक्कामाला. टॅगवरची तीन अक्षरं वाचा, ती कुठल्या विमानतळाची आहेत ते बघा. मी वाचली नाहीत. माझं पुढचं विमान चुकलं, बॅग मात्र शेवटच्या मुक्कामाच्या टॅगवर होती. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा ती तिथे ऐटीत उभी होती, गोळ्या पोटात घेऊन. टॅगची पावती फाडून देतात, तिचा फोटो काढा आणि ती पावतीही बटव्यात टाका.

कधी कधी बोर्डिंगच्या आधीच माइकवर विचारतात, कुणाला बॅग खाली द्यायची आहे का. बटवा तयार असेल तर बेधडक द्या. मोकळ्या हाताने शेवटी जाण्यासारखं सुख नाही, सगळे कप्प्याशी झटापट करत असतात आणि आपण जाऊन बसतो.

गेटवर. गेट बंद होण्याची वेळ आणि उडण्याची वेळ एक नव्हे. बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं आधी दार लागतं आणि मग कुणी ऐकत नाही. पासवर बोर्डिंगची वेळ असते तेव्हा गेटच्या आसपास असा, पण आपला ग्रुप पुकारेपर्यंत बसून राहा. दोरीपाशी गर्दी करून काही मिळत नाही. अमेरिकन एअरलाइन्सने २०२४ च्या शेवटी शंभरावर विमानतळांवर अशी सोय केली की आपल्या ग्रुपाआधी पास लावला तर यंत्र आवाज करतं. सगळ्यांसमोर परत फिरावं लागतं. ज्यांना मदतीची खरी गरज आहे त्यांनी मात्र संकोच न करता पहिल्या हाकेला जावं. गुडघे दुखत असतील तर आधीच काउंटरवर सांगा, ऐन वेळी नाही.

विमान लांब उभं असेल तर बस असते आणि ग्रुप धुळीला मिळतात. बसमध्ये पहिला चढलेला आत दाबला जातो, शेवटचा दाराशी उभा राहतो आणि उतरून आधी विमानात जातो. शेवटच्या ग्रुपाचा एवढा एकच विजय. घ्या.

पास फोनवर असेल तर उजेड वाढवून आणि फोन चार्ज ठेवून. कंपनीला चालत असेल तर कागदी प्रतही घ्या. जॅकेट वर ठेवू नका, मांडीवर. बॅग चाकांकडून आत. आपल्या सीटच्या मागच्या कप्प्यात ठेवली तर उतरताना माणसांच्या लोंढ्याविरुद्ध जावं लागतं, तेव्हा पुढच्याच कप्प्यात जागा बघा.

बसलात की बटवा चाचपा. समोरच्या सीटच्या खिशात ठेवू नका, उतरताना लोक वस्तू तिथेच विसरतात. कमरेला, गळ्यात, नाहीतर सीटखाली पायाला लागेल असा. पट्टा बांधा आणि झोपा.