मसल कार तापते? नवा रेडिएटर घेण्याआधी या चुका टाळा

मे महिना लागला की फोन सुरू होतात. "काका, गाडी तापतेय. कुठला रेडिएटर घेऊ?" मी ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहतो. इथल्या उन्हाळ्यात ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, नेहमीचंच. २०२३ मध्ये तर दिवसाचं कमाल तापमान सलग ३१ दिवस ११० च्या खाली उतरलं नाही. अशा हवेत साठीच्या दशकातली मोठी व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या ताकदवान इंजिनाची मसल कार, चालवायची हौस असलेली आपली मराठी मुलंही आता इथे भेटतात. त्यांची हौस पाहून मला आनंद होतो, घाई पाहून जीव तुटतो.

रेडिएटरचं नाव सांगण्याआधी मी विचारतो, तापते कधी? सिग्नलला उभी असताना, की हायवेला पळताना? दहातल्या आठांनी हे पाहिलेलंच नसतं. उभ्या गाडीत काटा चढतो आणि चालायला लागली की उतरतो, तर हवा कमी पडतेय किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चुकलंय. ताशी ६० मैलांना समोरून वाराच इतका येतो की फॅनची फारशी गरज उरत नाही. तेव्हा तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही, रेडिएटर आतून चोंदलाय किंवा कार्ब्युरेटर पेट्रोल कमी देतोय. एवढं कळलं की अर्धं काम झालं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

त्याआधी गाडी खरंच तापतेय का, तेही बघा. काटा २०० फॅरनहाइटला गेला की मुलं घाबरतात. निम्मं पाणी, निम्मं अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव) आणि १५ पौंड दाब धरणारं रेडिएटरचं चांगलं झाकण असेल तर ते मिश्रण २६० च्या पुढे जाऊन उकळतं. २१० ला स्थिर राहणारी गाडी आजारी नाही. जुन्या गेजवर भरवसा ठेवू नका. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून ताडून बघा.

टायमिंगकडे दुर्लक्ष

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण माझे दोन उन्हाळे तिने खाल्लेत. माझी १९६९ ची शेव्हेल एसएस ३९६ आहे, ३२५ हॉर्सपॉवरची. हायवेला शांत असायची. सिग्नलला दोन मिनिटं थांबली की काटा २३०. मी चार ओळींचा तांब्या-पितळेचा रेडिएटर घातला, मग तो काढून ॲल्युमिनियमचा घातला. जास्त पाणी फेकणारा पंप आणला, नवा फॅन आणला. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून खूण दाखवणारा दिवा) लावला की खूण अगदी जागेवर दिसायची, म्हणून तिकडे संशयच गेला नाही.

शेवटी एका जुन्या मेकॅनिकने बॅलन्सरकडे बोट दाखवलं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, पुढच्या टोकावर बसणारा हा बॅलन्सर दोन भागांचा असतो. आतला तुंबा, बाहेरचं जड कडं, आणि दोघांच्या मध्ये रबर. टायमिंगची खूण बाहेरच्या कड्यावर असते. पन्नास वर्षांनी रबर सैल पडतं, कडं सरकतं, आणि खूणही त्याच्याबरोबर सरकते. माझी ९ अंश सरकली होती. म्हणजे लाइट मला खोटं दाखवत होता आणि ठिणगी दर वेळी ९ अंश उशिरा पडत होती.

ठिणगी उशिरा पडली की पिस्टन खाली जायला लागला तरी मिश्रण जळतच असतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही जळतं. जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायला हवी ती सिलिंडरच्या भिंतीत आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) एक्झॉस्ट पोर्टमध्ये जाते, आणि तिथून पाण्यात. मग रेडिएटर कितीही मोठा घाला, आत चूल पेटलेलीच.

म्हणून कुठलीही जुनी गाडी हातात आली की मी पहिल्यांदा बॅटरी सोडवतो आणि एक नंबरचा प्लग काढून तिथे पिस्टनला अडवणारा पिस्टन स्टॉप बसवतो. क्रँक हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवून खूण करतो, मग उलट फिरवून दुसरी. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. अर्ध्या तासाचं काम आहे. "काका, लाइटने बघितलंय" हे उत्तर मी आता ऐकून घेत नाही.

टायमिंगमधलाच दुसरा घोटाळा व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर (व्हॅक्यूमवर) ठिणगी लवकर पाडणाऱ्या डब्याचा. प्रदूषणाचे नियम आल्यावर कारखान्यांनी बऱ्याच गाड्यांत त्याची नळी कार्ब्युरेटरच्या अशा तोंडाला जोडली जिथे आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन हळू चालताना, व्हॅक्यूम येतच नाही. मी ती सरळ मॅनिफोल्ड व्हॅक्यूमला जोडतो, तिथे आयडललाही ओढ असते. उभ्या गाडीत टायमिंग १० ते १५ अंश पुढे येतं आणि इंजिन थंड चालतं. नंतर आयडल स्क्रू पुन्हा लावावा लागतो. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फार तिखट असेल आणि व्हॅक्यूम कमी मिळत असेल तर ॲडव्हान्सचा डबाही त्याला साजेसा घ्या.

छोट्या, पण रोज दिसणाऱ्या चुका

थर्मोस्टॅट काढून टाकणं. कृपा करून करू नका. तो नसला की ब्लॉकमधला (इंजिनाच्या मुख्य धडातला) दाब उतरतो आणि गरम जागी वाफेचे बुडबुडे धरतात. १६० फॅरनहाइटला उघडणारा घालूनही तापणारी गाडी थंड होत नाही. थर्मोस्टॅट किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. मी १८० चा घालतो, आणि त्याच्या कडेला वरच्या बाजूने ३ मिलिमीटरचं भोक पाडतो, म्हणजे भरताना अडकलेली हवा निघून जाते.

श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं आवरण, काढून ठेवणं. इंजिन चकचकीत दिसावं म्हणून लोक तो काढतात. मग फॅन रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. फॅनची पाती निम्मी श्राउडच्या आत, निम्मी बाहेर हवीत.

फॅन क्लच, म्हणजे गरम झाल्यावर फॅनला जोर देणारा जोड, न तपासणं. गाडी गरम असताना इंजिन बंद करून फॅन हाताने फिरवा. अडखळला तर ठीक, गरगरा फिरला तर क्लच मेला.

खालच्या होजमधली, म्हणजे रेडिएटरहून पंपाकडे जाणाऱ्या नळीतली, स्प्रिंग फेकून देणं. पंप तिथून पाणी ओढतो. स्प्रिंग नसेल तर जास्त आरपीएमला होज चपटा होतो. फिनिक्सच्या उत्तरेला ब्लॅक कॅन्यन सिटीहून सनसेट पॉइंटच्या चढावर अशी गाडी हमखास कडेला उभी राहते.

अँटिफ्रीझ जितकं जास्त तितकं बरं, हा समज. उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस. फिनिक्समध्ये मी ७० भाग डिस्टिल्ड पाणी आणि ३० भाग अँटिफ्रीझ घालतो. हिवाळ्यात थंड, डोंगरातल्या फ्लॅगस्टाफला न्यायची असेल तर निम्मं-निम्मं करतो. नळाचं पाणी नको, इथलं फार जड आहे. गळती बंद करणारी पूडही नको, ती गळतीबरोबर रेडिएटरच्या नळ्याही बुजवते.

दोन मोठे इलेक्ट्रिक फॅन आणि सोबत जुना ३७ अँपिअरचा अल्टरनेटर. फॅनच ३० अँपिअर खातात. आधी अल्टरनेटर बदला.

आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. भाजलेले हात मी पाहिले आहेत.

हेड गॅस्केट उलटं

गेल्या वर्षी एका मुलाने १९६८ च्या मस्टँगचं ३०२ इंजिन स्वतः बांधलं. पहिलंच इंजिन. रात्री जागून, महिनाभरात. सुरू केल्यावर दहा मिनिटांत काटा लाल. त्याने पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर बदलला, आणि दर वेळी गाडी पुन्हा तापवली. माझ्याकडे आणली तेव्हा मी थर्मामीटर आधी डाव्या हेडच्या पुढच्या टोकाला धरला, मग मागच्या. मागचं टोक खूपच गरम होतं.

फोर्डच्या या छोट्या व्ही-एटमध्ये पंप पाणी ब्लॉकमध्ये पुढून ढकलतो. ते मागपर्यंत जातं, हेड आणि ब्लॉकच्या मध्ये बसणाऱ्या गॅस्केटच्या मागच्या मोठ्या भोकांतून हेडमध्ये चढतं आणि हेडमधून पुढे परत येतं. म्हणून गॅस्केटवर 'फ्रंट' असं छापलेलं असतं. पण दोन्ही बाजूंना एकच गॅस्केट पालथं करून वापरतात. त्यामुळे एका बाजूला ते अक्षर वर दिसतं आणि दुसऱ्या बाजूला ब्लॉककडे तोंड करून झाकलं जातं. नवखा माणूस दोन्हीकडे अक्षर वर ठेवतो आणि एक गॅस्केट मागचं पुढे बसतं. मग पाणी पुढच्या भोकांतूनच वर जाऊन परततं, मागच्या सिलिंडरभोवती नुसतं साचून उकळतं.

हेड न काढता हे बघता येतं. दोन्ही हेडांच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यात गॅस्केटचं चौकोनी टोक डोकावायला हवं. त्याच्या गाडीत उजवीकडे होतं, डावीकडे नव्हतं. हेड काढलं तर आठव्या सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडे. पहिल्याच दिवशी थांबला असता तर फक्त गॅस्केटचा खर्च होता. आता सिलिंडर पुन्हा बोअर करणं, नवे पिस्टन, चार महिने.

दुसऱ्यांदा जोडताना मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याने आधी दोन्ही गॅस्केटच्या दोन्ही अंगांना पिवळ्या मार्करने 'पुढे' असं मराठीत लिहिलं, ब्लॉकवर ठेवून मागची भोकं टॉर्चने पाहिली, मला दाखवली, आणि मगच पहिला बोल्ट हातात घेतला.