तिसरीतली पहिली राज्य परीक्षा: कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांनी करायची तयारी

कॅलिफोर्नियात मूल तिसरीत गेले की वसंत ऋतूच्या तोंडावर शाळेकडून राज्याच्या परीक्षेची सूचना येते. शाळेत या परीक्षेला ‘कास्प’ म्हणतात. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांची ही परीक्षा तिसरी ते आठवी दरवर्षी आणि त्यानंतर अकरावीत होते. पाचवीत विज्ञानाची वेगळी परीक्षा तिला जोडली जाते. टेक्सासमध्ये किंवा न्यू जर्सीत नाव आणि नियम वेगळे असले, तरी तिसरी ते आठवीच्या मुलांचे वाचन आणि गणित दरवर्षी तपासण्याचे बंधन २०१५ च्या संघराज्य कायद्याने सगळ्याच राज्यांवर घातलेले आहे.

ही सूचना वाचताना आपल्यापैकी अनेकांना चौथीतली शिष्यवृत्ती परीक्षा आठवते आणि तिच्यामागोमाग गाइडे, जादा तास आणि वर्तमानपत्रातली गुणवत्ता यादीही आठवते. माझ्या मते घरातल्या तयारीची सुरुवात ही आठवण बाजूला ठेवण्यापासून व्हायला हवी. येथे गुणवत्ता यादी नाही, नापास होणे नाही आणि शिष्यवृत्तीही नाही. शाळा आणि शालेय जिल्हा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) मुलांना नीट शिकवत आहेत की नाही, हे पाहणे हा या परीक्षेचा मुख्य हेतू आहे. मुलाला ते सांगताना ‘तू आत्तापर्यंत जे शिकलास, ते शाळेला दाखवायचे आहे’ एवढे वाक्य पुरते.

यानंतर मुलाला आधीच समजावून सांगावी अशी गोष्ट म्हणजे प्रश्न कसे येतात. परीक्षा संगणकावर होते आणि तिचा मोठा भाग मुलाच्या उत्तरांप्रमाणे बदलत जातो. उत्तरे बरोबर येत गेली की पुढचे प्रश्न अवघड होतात, चुकत गेली की सोपे होतात. त्यामुळे चांगला अभ्यास असलेल्या मुलालाही न येणारे प्रश्न भेटतातच, किंबहुना त्याला ते अधिक भेटतात. ज्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते, ते ‘मला काहीच आले नाही’ म्हणत रडवेले होऊन घरी येते. आमच्या मुलीचे पहिल्या वर्षी असेच झाले आणि ती चूक आमची होती, कारण हे आम्हालाच ठाऊक नव्हते. परीक्षेला वेळेची मर्यादा नाही, हेही मुलाला सांगून ठेवावे. शेजारच्याचे आधी झाले म्हणून घाई करण्याचे कारण नाही.

सरावासाठी पैसे खर्च करू नयेत. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर सराव परीक्षा विनामूल्य आहेत आणि पाहुणा म्हणून प्रवेश करून कोणालाही त्या सोडवता येतात. मार्चमध्ये दोन-तीन शनिवारी अर्धा तास मुलाशेजारी बसावे आणि उत्तरांपेक्षा हातांकडे लक्ष द्यावे. आमच्या मुलीला तीन चतुर्थांश म्हणजे किती हे तोंडी नीट सांगता येत होते, पण संख्यारेषेवरचा ठिपका ट्रॅकपॅडवरून ओढून जागेवर सोडताना तो दर वेळी एक खूण पुढे जात होता. चौथ्या वेळी ती वैतागली आणि ठिपका होता तेथेच ठेवून पुढे गेली. गणित येत असूनही उत्तर चुकले, आणि पंधरा मिनिटांच्या सरावाने ती अडचण गेली. मजकुरावर खूण करणे, नको असलेला पर्याय खोडणे, प्रश्न परत पाहण्यासाठी राखून ठेवणे ही साधनेही अशीच हाताळून घ्यावीत. शक्य असल्यास शाळेत वापरतात तशाच यंत्रावर सराव करावा. टॅबलेटवर बोटाने सरकवण्याची सवय क्रोमबुकवर, म्हणजे शाळेतल्या साध्या लॅपटॉपवर, उपयोगी पडत नाही.

इंग्रजीच्या एका भागात दोन-तीन उतारे वाचून त्यांच्या आधारे लेखन करायचे असते आणि तेही टाइप करून. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची अक्षर शोधण्यातच दमछाक झाली, तर डोक्यातले वाक्य कागदावर येण्याआधीच विरते. रोज दहा मिनिटे टायपिंग करावे. आत्याला किंवा मामाला चार ओळींचा ईमेल लिहिणे हा त्याचा सर्वांत चांगला प्रकार आहे, कारण त्याला खरे उत्तर येते.

गणितात आपल्या घरांची जमेची बाजू म्हणजे पाढे, आणि तिसरी ते पाचवीत कॅल्क्युलेटर मिळत नसल्याने ते खरोखर कामाला येतात. मात्र येथे उत्तर कसे काढले हेही विचारतात. ‘सात आठे छप्पन’ म्हणणाऱ्या मुलाला सात ओळींत आठ-आठ चौकोन काढून तेच क्षेत्रफळ म्हणून दाखवता आले पाहिजे. आपण शिकलो ती रीत मुलावर लादण्यापूर्वी शाळेची रीत त्याच्याकडूनच समजून घ्यावी. समजावून सांगताना त्याचा सराव आपोआप होतो.

मराठी घरांना लागू होणारी आणखी एक बाब आहे. शाळेत नाव घालताना घरात कोणती भाषा बोलतात हे विचारणारा तक्ता भरावा लागतो. तेथे मराठी लिहिले की मुलाची इंग्रजीची एक प्राथमिक चाचणी होते आणि तीत ते कमी पडले, तर दरवर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात त्याला ‘एल्पॅक’ ही ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे यांची परीक्षाही द्यावी लागते. काही पालक ती टाळण्यासाठी तक्त्यात इंग्रजी लिहितात. तसे करू नये, कारण ज्या मुलाला मदतीची गरज आहे, त्याची मदत त्यामुळे हुकते. या परीक्षेतून बाहेर पडण्यासाठी सर्वांत वरची, म्हणजे चौथी पातळी हा निकष आहे, आणि त्याबरोबर शिक्षकांचे मत, पालकांचे मत आणि वाचन-लेखनातली प्रगतीही पाहिली जाते. या कारणासाठी घरातले मराठी मात्र थांबवू नये. आजीची गोष्ट ऐकून ती क्रमाने परत सांगणारे मूल इंग्रजी उताऱ्याचा सारांशही त्याच कौशल्याने सांगते.

परीक्षेच्या आठवड्यांत भारताची तिकिटे काढू नयेत. भारतात सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात, त्यामुळे आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल लांबला की झोपेला उशीर होतो. तेवढे दिवस तो शनिवार-रविवारी करावा. सकाळी मुलाला सवयीचाच नाश्ता द्यावा. मुलाला फार धास्ती वाटत असेल, तर शिक्षकांशी आधीच बोलावे. परीक्षा देऊ नये असे पालकांना मनापासून वाटत असेल, तर शाळेला लेखी कळवून सूट घेण्याची तरतूद कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात आहे. मी स्वतः ती वापरणार नाही, कारण पुढे मोठ्या परीक्षा द्यायच्याच आहेत आणि पहिला अनुभव बिनधोक्याचा असणे बरे.

निकालात शंभरपैकी गुण नसतात. चार अंकी आकडा आणि चार पातळ्या असतात. गणितात तिसरीची अपेक्षित पातळी २४३६ पासून सुरू होते, तर चौथीची २४८५ पासून. म्हणजे तिसरीत २४४० आणि चौथीत २४७० मिळवणाऱ्या मुलाचा आकडा तीसने वाढलेला असतो, तरी पातळी एक पायरी खाली दिसते. असा निकाल पाहून ‘मागे पडलास’ म्हणणे चूक आहे. मूल पुढेच गेले आहे, फक्त रेषा त्याच्यापेक्षा जास्त सरकली आहे. हा कागद मुलाच्या भावंडांच्या किंवा मित्रांच्या कागदाशेजारी ठेवू नये. तो जपून ठेवावा आणि शरद ऋतूतल्या पालक-शिक्षक भेटीला बरोबर नेऊन नव्या शिक्षकांना विचारावे, की वर्गात रोज दिसणारे मूल आणि या कागदावरचे मूल जुळते का, आणि जुळत नसेल तर कोणत्या भागात.