सोय घ्या, पण परतीची वाट आधी चालून बघा

एखादी गोष्ट सोपी झाली म्हणजे तिच्यातलं काम संपलं असं होत नाही. ते काम दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असतं. फोटो आपोआप क्लाउडवर जातात, पासवर्ड न टाकता लॉगिन होतं, दिवा फोनवरून लागतो, तेव्हा मागची उस्तवार कंपनीचा सर्व्हर करत असतो. यात वाईट काही नाही. पण काम ज्याच्या हाती, निर्णयही त्याच्याच हाती. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर, म्हणजे वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र दाखवणारी सेवा, बंद झालं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण संपली. दोन वर्षं न उघडलेली गूगल खाती डिसेंबर २०२३ पासून पुसली जाऊ लागली. या सगळ्याची सूचना आधी दिलेली होती. अशा सूचनेचा उपयोग मात्र त्यालाच होतो, ज्याला आपली वस्तू बाहेर कशी काढायची हे माहीत असतं.

म्हणून सोयी सोडायच्या नाहीत. प्रत्येक सोयीची परतीची वाट एकदा स्वतः चालून बघायची. सुरुवात जे पुन्हा मिळणार नाही त्यापासून करा, म्हणजे फोटोंपासून.

फोटो: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सिंक फोन आणि क्लाउड या दोन्ही जागा सारख्या ठेवतं. त्यामुळे एकीकडे पुसलेला फोटो दुसरीकडूनही जातो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला तर तो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, आयक्लाउडमध्ये ३० दिवस. चूक त्यानंतर लक्षात आली तर काहीच करता येत नाही. ‘जागा मोकळी करा’ हे बटण त्याहून फसवं. ते फोनमधली प्रत काढतं आणि तुमच्याकडे क्लाउडवरची एकच प्रत उरते. आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर असतात आणि फोनमध्ये अनेकांची फक्त लहान आवृत्ती असते. अशा फोनला केबल लावून सगळं कॉपी केलं तरी मूळ फोटो हाती येतीलच असं नाही.

गूगल फोटोजमधून सगळं काढायचं तर टेकआउट ही गूगलचीच, आपला डेटा डाउनलोड करू देणारी सेवा वापरा. आत गेल्यावर आधी सगळ्या खुणा काढून टाका आणि फक्त फोटोजवर खूण करा, नाहीतर मेल, नकाशे, सगळंच येतं. मग फाइलचा आकार निवडा. आपण काही बदललं नाही तर तो २ जीबीचा असतो, म्हणजे मोठ्या संग्रहाचे पन्नासेक तुकडे होतात. ५० जीबी निवडलं तर डाउनलोड मध्येच तुटल्यावर बराच वेळ वाया जातो. ४ किंवा १० जीबी ठीक. तयारीला काही तास लागतात, कधी एकदोन दिवस. लिंक आल्यावर साधारण आठवडाभरच चालते, म्हणून डिस्कवर जागा करूनच मागणी टाका.

उघडल्यावर दोन गोष्टींनी माणूस गोंधळतो. पहिली म्हणजे एकच फोटो वर्षाच्या फोल्डरमध्ये असतो आणि अल्बमच्या फोल्डरमध्येही असतो. त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. दुसरी जास्त महत्त्वाची. फोटोशेजारी त्याच्याच नावाने सुरू होणारी एक जेसन फाइल असते, तिच्यात फोटोची माहिती साध्या मजकुरात लिहिलेली असते. कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख जागेवर असते, पण तुम्ही नंतर गूगल फोटोजमध्ये दुरुस्त केलेली तारीख किंवा लिहिलेली ओळ फक्त या जेसनमध्ये असते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंच्या आत सहसा तारीखच नसते. म्हणून कचरा समजून जेसन पुसू नका. एक्सिफटूल नावाचा मोफत प्रोग्राम ती तारीख पुन्हा फोटोत लिहू शकतो. हे काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करा, टेकआउटमधून आलेल्या मूळ झिप फाइल तशाच राहू द्या.

जागेचा अंदाज: १२ मेगापिक्सेलचा जेपीईजी साधारण ३ ते ४ एमबीचा, म्हणजे दहा हजार फोटोंना ३० ते ४० जीबी. खरी जागा व्हिडिओ खातात. फोर-के, ३० फ्रेमचा व्हिडिओ नव्या पद्धतीने साठवला तरी मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतो, तासाला १० जीबी. हिशोबाच्या दुप्पट क्षमतेच्या दोन डिस्क घ्या आणि एक दुसऱ्या घरात ठेवा. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालावी म्हणून डिस्क एक्सफॅट या फाइल मांडण्याच्या पद्धतीत फॉरमॅट करा. फॅट-३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि लांबलेले व्हिडिओ नेमके तिथेच अडतात.

कॉपी संपली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. सगळ्यात जुना फोटो, सगळ्यात नवा फोटो आणि एक मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत, हे तिन्ही डिस्कवरून उघडून पाहा. शक्यतो दुसऱ्याच संगणकावर. वर्षातून एकदा पुन्हा. पेनड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नका, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पेनड्राइव्हमधला डेटा टिकेल याचा भरवसा नसतो.

एका खात्याने सगळीकडे लॉगिन

‘गूगलने लॉगिन करा’, ‘फेसबुकने लॉगिन करा’ ही सोय सुरक्षिततेच्या दृष्टीने वाईट नाही. दहा ठिकाणी एकच कच्चा पासवर्ड वापरण्यापेक्षा ती कितीतरी बरी. धोका वेगळा आहे: मूळ खातं अडकलं की त्याच्यामागची सगळी दारं बंद. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास ठप्प होतं, तेव्हा फेसबुकच्या लॉगिनवर चालणाऱ्या इतर सेवांची वाटही अडली होती.

खात्याच्या सुरक्षा विभागात जोडलेल्या सेवांची यादी असते. ती उघडा. ज्या सेवेत तुमचे पैसे, कागदपत्रं किंवा काम आहे, तिथे ईमेल आणि पासवर्डची दुसरी वाट जोडा. सेटिंग्जमध्ये तसा पर्याय दिसला नाही तर लॉगिन पानावर ‘पासवर्ड विसरलो’ दाबून तोच ईमेल द्या. बऱ्याच सेवा त्यातून नवा पासवर्ड करू देतात. बाकीच्या किरकोळ सेवा आहेत तशा राहू द्या.

मग चक्र तपासा. पहिल्या ईमेलचा रिकव्हरी पत्ता (खातं अडकल्यावर परत मिळवायचा पत्ता) दुसरा, दुसऱ्याचा पहिला, आणि दोन्हींचे ओटीपी एकाच सिमवर, अशी रचना फार आढळते. फोन हरवला की कुठूनच आत जाता येत नाही. एक तरी वाट त्या फोनशिवाय चालली पाहिजे.

लॉगिनसाठी सहा आकडी कोड देणाऱ्या अॅपचं गणित समजून घेतलं तर भीती जाते. ते अॅप जोडताना जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून साधारण दर ३० सेकंदांनी नवा कोड तयार होतो. त्याला इंटरनेट लागत नाही. कोड सारखा चुकत असेल तर बहुधा फोनचं घड्याळ सरकलेलं असतं, वेळ ‘आपोआप’वर ठेवा. फोन गेला आणि किल्ली दुसरीकडे नसेल तर आधार बॅकअप कोडचा. गूगल आठ आकड्यांचे दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवणं म्हणजे घराची दुसरी किल्ली त्याच घरात ठेवून कुलूप लावणं.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड साठवून स्वतः भरणारा प्रोग्राम, सोडू नका. इथे सोय आणि सुरक्षा एकाच बाजूला आहेत, कारण चुकीच्या पत्त्याच्या बनावट पानावर तो पासवर्ड भरतच नाही. तो उघडणारा मुख्य पासवर्ड मात्र कागदावर हवा. यादी बाहेर काढताना सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) निवडलीत तर सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले येतात, म्हणून एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारा पर्याय घ्या. आपोआप होणारे अपडेटही चालू राहू द्या. हाताने करू म्हणणारे सहसा करत नाहीत.

यंत्र घेण्याआधी

रिव्हॉल्व्ह नावाचा घरातली यंत्रं जोडणारा हब १५ मे २०१६ ला सर्व्हर बंद केल्यामुळे निकामी झाला. आतला एकही भाग बिघडलेला नव्हता. आपल्या घरातल्या यंत्राचं काय होईल ते दहा मिनिटांत कळतं. वायफाय चालू ठेवा, फक्त राउटरला बाहेरून इंटरनेट आणणारी केबल काढा. दिवा, कुलूप, कॅमेरा एकेक करून चालवा. जे चाललं ते घरातल्या घरात बोलतं. जे थांबलं ते दूरच्या सर्व्हरला विचारून हलतं. मग त्याला हाताचा खटका किंवा साधी किल्ली आहे का ते बघा. कुलपाच्या बाबतीत ती नसेल तर घेऊच नका.

उलट टोकही टाळा. कंपनी नको म्हणून घरात स्वतःचा सर्व्हर उभारला आणि तो घरात एकालाच कळतो, तर बाकीच्यांसाठी परतीची वाट आणखी अरुंद झाली. तो माणूस आजारी पडला की फोटोही अडकले. घरातल्या सगळ्यात कमी माहिती असलेल्या माणसाला समोर बसवा आणि लिहिलेल्या सूचनांवरून एक फोटो काढून दाखवायला सांगा. तो जिथे थांबेल तिथे सूचना दुरुस्त करा.

हीच कसोटी सेवा चालवणाऱ्यांनाही लावावी. फक्त अॅप ठेवून कार्यालयातली खिडकी आणि फोनवरची मदत बंद केली की बहुतेकांची रांग वाचते. पण ज्यांची नजर अधू आहे, बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा फोन दुसऱ्याच्या हातात असतो, त्यांना कामच करता येत नाही. दुसरी वाट लहान असली तरी चालेल, पण तिचा पत्ता अॅपच्या बाहेर लिहिलेला हवा.

शेवटी कागद. एका पानावर मुख्य पासवर्ड, बॅकअप कोड, दुसरी डिस्क कुठे आहे ते, आणि वर तारीख. फोन आणि संगणक जिथे असतात तिथे तो ठेवू नका. नवे बॅकअप कोड काढले की जुने त्याच क्षणी रद्द होतात. म्हणून नवा कागद लिहून झाला की जुना लगेच फाडा.