आधारची झेरॉक्स काढायला येताय? आधी हे वाचा

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या एका बोळात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन मशिनं, एक कॉम्प्युटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि मी. कलेक्टर कचेरी, कोर्ट, नोटरी, टायपिस्ट सगळे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दिवसभर माणसं कागद घेऊन धावत येतात आणि एकच वाक्य बोलतात : "ताई, आधारच्या चार द्या, पाठपोट." कशाला हव्यात, असं मी विचारलं की निम्मी माणसं चिडतात. तुम्हाला काय करायचंय, म्हणतात. खरंच आहे, मला चार कॉपींचे पैसे मिळाल्याशी मतलब. तरी विचारते. त्याला कारण झाली दाण्यांची पुडी.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे फॉर्म निघाले आणि माझ्या दुकानासमोर बायकांची रांग लागली. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सगळ्याच्या कॉप्या. नेमका तेव्हाच माझ्या मोठ्या मशीनचा ड्रम खराब झाला होता. प्रत्येक पानावर डाव्या बाजूला, बोटभर आत, वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ यायची आणि मध्ये एका जागी तुटायची. त्या गर्दीत ड्रम बदलायला फुरसत कुणाला होती? जी पानं फारच वाईट निघायची ती बाजूच्या खोक्यात टाकायची, खोकं भरलं की रद्दीत.

पुढे ऑगस्टात एका संध्याकाळी तलावपाळीला बसून खारे दाणे खात होते. दाणे संपले, सवयीने पुडी उलगडली. आतून एक बाई माझ्याकडे बघत होती. अर्धं आधार कार्ड, बाराच्या बारा आकडे स्वच्छ, कळव्याचा पत्ता, आणि डाव्या बाजूला ती रेघ. मध्ये तुटलेली.

पुडी घडी करून पर्समध्ये घातली. दाणेवाल्याला काय बोलणार? कागद माझाच होता.

तेव्हापासून गिऱ्हाइकांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. हॅकर असतील कुठेतरी बसलेले. मी जे कागद फुटताना पाहिले ते काउंटरवर, रद्दीत आणि वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये.

घरून निघायच्या आधी

समोरच्याला विचारा, कार्ड बघायचंय की कॉपी ठेवायचीय? पुष्कळांना नुसतं बघायचं असतं, पण झेरॉक्स मागायची सवय लागली आहे. कॉपी ठेवायचीच असेल तर दुसरा प्रश्न : दुसरं काही चालेल का? नाव-पत्ता पटवायला लायसन्स, पासपोर्ट, मतदान कार्ड यांतलं एखादं बऱ्याच ठिकाणी चालतं. आपणच आधी आधार पुढे करतो.

आधारच द्यायचं ठरलं तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. फोटो, नाव, पत्ता जागच्या जागी. यूआयडीएआय म्हणजे आधार देणारी सरकारी संस्था, तिच्या माय आधार संकेतस्थळावर जायचं (पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा, तसल्याच नावाच्या भलत्या साइट असतात), नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, डाउनलोडवर जायचं आणि तिथे मास्क्ड आधार हवं का असं विचारणारी चौकट असते तिच्यावर टिक करायची. बस. लोक ती चौकट न बघताच पुढे जातात.

फाइल उघडताना पासवर्ड मागते आणि इथे माझ्या काउंटरवर रोज भांडणं होतात. आधारवर इंग्रजीत जसं नाव आहे त्याची पहिली चार अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि लगेच पुढे जन्मसाल. मधे जागा नाही. सुरेखा, जन्म १९७१, तर एस यू आर ई आणि १९७१. नावात स्पेलिंगची चूक असेल तर ती चूकच टाकायची. एक काका अर्धा तास त्यांच्या नावाचं बरोबर स्पेलिंग टाकत बसले होते.

सरकारी योजना, अनुदान असं काही असेल तर पूर्ण नंबर मागतात, तिथे मास्क्ड चालणार नाही. लॉजवाला, कुरियरवाला, जिमवाला, क्लासवाला यांना मात्र आठ आकडे कशाला हवेत, मला आजवर कळलेलं नाही.

ही फाइल घरीच, आपल्या फोनवर उतरवा. माझ्या कॉम्प्युटरवर नको. हे खुद्द सरकारनेही एकदा सांगितलं होतं. २७ मे २०२२, शुक्रवार : यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, मास्क्ड वापरा, सायबर कॅफेत डाउनलोड करू नका. शनिवारी माझे यजमान म्हणाले, आता वडापावची गाडी टाकू. रविवारी सरकारने पत्रक मागे घेतलं, त्याचा चुकीचा अर्थ निघेल म्हणून. सोमवारी दुकान नेहमीसारखं भरलेलं. पत्रक मागे गेलं, पण त्यातला सल्ला मला तरी अजून शहाणपणाचा वाटतो.

कॉपीवर लिहायचं कसं

झेरॉक्स मिळाली की तिच्यावर कारण आणि तारीख लिहा : "फक्त अमुक सोसायटीत भाडेकरू म्हणून, दि. अमुक". हे पुष्कळांना माहीत असतं, पण लिहितात कुठे? खाली कोऱ्या जागेत. कोऱ्या जागेवरचं लिखाण म्हणजे काहीच नाही. वर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून पुन्हा कॉपी काढली की गायब. मी या धंद्यात आहे, मला विचारा. एकदा एक गडी असंच काम घेऊन आला होता, "ताई, एवढं खालचं येऊ देऊ नका." मी मशीन बिघडलंय म्हणाले.

तेव्हा लिहायचं ते कार्डाच्या चित्रावरून. दोन तिरक्या समांतर रेघा मारा, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे, आणि त्यांच्यामध्ये लिहा. अक्षरं फोटोच्या खांद्याला आणि पत्त्याच्या ओळींना टेकली पाहिजेत. चेहरा झाकू नका, नाहीतर क्लार्क परत पाठवेल आणि तुम्ही पुन्हा माझ्याकडे याल. पेन निळं. काळ्या पेनाने लिहिलेलं आणि झेरॉक्समधून आलेलं नंतर वेगळं ओळखता येत नाही. सही तिथेच, लिखाणाला चिकटून.

आणि एक. वेळ वाचावा म्हणून दहा कॉप्यांवर आधीच सह्या करून पिशवीत ठेवणारे लोक आहेत. अहो, कोऱ्या चेकवर सही करून ठेवाल का?

काउंटरवर

ओरिजिनल काचेवर राहतं. रोज राहतं. कॉप्या मोजून घेता, तसं झाकण उचलून बघायला सांगा.

खराब निघालेली पानंही मागून घ्या. लाजू नका, ती तुमची आहेत. दुकानदार म्हणेल, टाकतो मी. कुठे टाकतो ते वर सांगितलंच आहे. घरी नेऊन नंबरावरून आणि फोटोवरून आडवीउभी फाडा, अर्धे तुकडे ओल्या कचऱ्यात टाका. चहाच्या चोथ्यात भिजलेला कागद कुणी जोडत बसत नाही.

फोनमधून प्रिंट काढायची असते तेव्हा सगळे दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सॲप करतात. सोपं आहे, मीही तेच सांगायचे. पण होतं काय बघा. तुम्ही पाठवलेली फाइल मी कॉम्प्युटरवर उघडते, ती डाउनलोड फोल्डरमध्ये जाऊन बसते. तुम्ही "डिलीट फॉर एव्हरीवन" केलंत तरी चॅटमधून गेली, फोल्डरमधून नाही. पुडीच्या प्रकरणानंतर मी तो फोल्डर पहिल्यांदा नीट उघडला. तीन वर्षांचं साचलेलं. जन्मदाखले, घटस्फोटाचे अर्ज, एकाचा एचआयव्हीचा रिपोर्ट. मी कुणाचं वाचलं नव्हतं, पण दुकानात कामाला येणाऱ्या पोरांनी वाचलं असेल की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तर दुकानदाराला समोर सांगा : फाइल सिलेक्ट करा, शिफ्ट दाबून डिलीट करा. नुसत्या डिलीटने ती रीसायकल बिनमध्ये पडून राहते. स्क्रीन तुमच्याकडे फिरवायला सांगा. जो दुकानदार कुरकुर करेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि स्वतःचं व्हॉट्सॲप दुकानाच्या कॉम्प्युटरवर क्यूआर कोड मारून उघडत असाल तर निघताना लॉगआउट. विसरलात तर फोनमध्ये लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन तिथून काढता येतं. आत्ताच बघा, एखादं अनोळखी कॉम्प्युटर तिथे बसलेलं सापडेल.

मोठ्या ऑफिसांतली भाड्याची मशिनं आणखी वेगळी. त्यांच्या पोटात हार्ड डिस्क असते आणि काढलेल्या कॉपीचं चित्र तिच्यावर राहू शकतं. भाडं संपलं की मशीन दुसरीकडे जातं, डिस्कसकट.

कायद्याचं बोलायचं तर

माझ्याकडे वकील येतात, अशिलापेक्षा जास्त बोलतात, त्यामुळे कानावर बरंच पडतं. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टास्वामी आधारविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. त्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ ला आधार योजना टिकली, पण बँक खातं आणि मोबाइल यांना आधार जोडायची सक्ती गेली. २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि फोन कंपन्यांना आधारने ओळख पटवता येते, मात्र तुमच्या राजीखुशीने. आधार दिलं नाही म्हणून सेवा नाकारता येत नाही. सिमकार्डवाल्या पोराला हे सांगून बघा, तो सिस्टिम घेत नाही म्हणेल. मॅनेजरशी बोला म्हणायचं आणि उभं राहायचं.

आमच्या सोसायटीत घरकामाच्या बायकांच्या आधारच्या कॉप्या गेटवरच्या बोर्डावर टाचण्या मारून लावल्या होत्या, ओळख पटावी म्हणून. सेक्रेटरींना म्हटलं, आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे नंबर असा जाहीर लावता येत नाही. ते म्हणाले, "काकू, त्यांचं काय चोरीला जाणारे?" मी म्हटलं, मग शेजारी तुमचंही लावा. दुसऱ्या दिवशी बोर्ड रिकामा होता.

नवा डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. दंड २५० कोटींपर्यंत आहे. मी उत्साहाने एका वकीलसाहेबांना पुडीची गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, तो कायदा डिजिटल माहितीला लागतो, किंवा कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीला. नुसत्या कागदाला नाही. म्हणजे माझ्या फोल्डरला कायदा आहे आणि पुडीला नाही! म्हणून म्हणते, पुडीचं आपणच बघायचं.

कॉपी आधीच गावभर गेली असेल तर

बायोमेट्रिक, म्हणजे आधारला जोडलेले बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा, आजच. घरखरेदीच्या, भाडेकराराच्या कागदांवर आपले अंगठे असतात. असे ठसे नोंदणीच्या कागदांवरून उचलून, त्यांचे साचे करून, आधारवर चालणाऱ्या बँक सेवेतून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. त्या सेवेत आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा पुरतो, ओटीपी येत नाही. माय आधारवर किंवा यूआयडीएआयच्या ॲपवर लॉक करता येतं, फुकट. फक्त लक्षात ठेवा, लॉक असेल तर रेशन दुकानातलं मशीनही अंगठा घेणार नाही. माझ्या सासूबाई तीन वेळा हात धुऊन आल्या, मग मला आठवलं. रांगेत उभं राहिल्यावर थोड्या वेळापुरतं उघडायचं, ते आपोआप पुन्हा बंद होतं.

माय आधारवरच आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची मागच्या सहा महिन्यांची यादी दिसते. संचार साथी या सरकारी साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, ओळखीचं नसेल ते तिथूनच कळवता येतं. कर्जाची शंका असेल तर कर्जांची नोंद ठेवणाऱ्या (सिबिलसारख्या) प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच, आधी नवऱ्याला सांगू मग बघू असं न करता.

ड्रम मी बदलला. खोक्याच्या जागी कागद कापायचं छोटं मशीन आणलं. रद्दीवाला म्हणतो, एवढ्या बारीक कागदाला भाव नाही, तो चुरा मी फुकट देते.

आणि हो, काचेवर राहिलेली ओरिजिनल माझ्याकडे श्रीखंडाच्या एका डब्यात आहेत. सध्या एकवीस. कोर्ट नाक्याला येऊन गेला असाल आणि कार्ड सापडत नसेल तर विचारून जा. चेहरा जुळला की देते. मागच्या आठवड्यात एक जण दुसऱ्याचं कार्ड न्यायला आला होता, पुरावा म्हणून त्याच कार्डाची झेरॉक्स घेऊन. माझ्याच मशीनवरची, रेघेसकट.