बाहेरचे लाइट टायमरवर टाकताय? आधी आयसोलेटर बसवा

टायमर ऑफ दाखवतोय म्हणजे करंट बंद, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं हो. साध्या टायमरच्या आत एक छोटा रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो, तो फक्त फेज तोडतो, न्यूट्रल फिटिंगपर्यंत जोडलेलाच राहतो, आणि वेळ झाली की तो फेज परत चालू करणारच, त्याला काय माहीत तुम्ही शिडीवर उभे राहून वायर सोलताय. म्हणून बाहेरच्या लाइटच्या लाइनवर डबल पोल आयसोलेटर पाहिजेच, एका खटक्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा.

याचा अजून एक फायदा पावसाळ्यात कळतो. फिटिंगमध्ये पाणी शिरलं आणि न्यूट्रल-अर्थ भिडले की लाइट बंद असला तरी आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा सुरक्षा स्विच) पडतो. साधा सिंगल पोल, म्हणजे फक्त फेज तोडणारा स्विच असेल तर तो बंद करून काही उपयोग नाही, अख्खं घर अंधारात. डबल पोल असेल तर तेवढी लाइन बाजूला काढायची, बाकी घर चालू.

क्रम असा ठेवा: डीबीत (घराच्या मुख्य वीज-बोर्डात) ३० मिलीअँपचा आरसीसीबी, त्याच्याखाली ६ अँपचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), मग आयसोलेटर, मग टायमर, मग बाहेर जाणारी १.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअर केबल. आरसीसीबीवरचा आकडा वाचून घ्या, १०० किंवा ३०० लिहिलेला असेल तर तो माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी नाहीये. न्यूट्रल याच लाइनचा घ्यायचा, शेजारच्या बोर्डातून उसना घेतला की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो आणि लोक लाइटला दोष देत बसतात. डीबीच्या आतलं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनलाच करू द्या, तिथे हौस नको.

टायमर घेताना त्याच्यावर १६ अँप लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, तो आकडा हीटरसारख्या लोडचा असतो. एलईडी चालू होताना क्षणभर खूप जास्त करंट खेचतात, त्याने रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि मग भर दुपारी लाइट चालू. पाकिटावर एलईडीसाठी किती वॅट ते वेगळं दिलेलं असतं, ते बघा, लाइट जास्त असतील तर मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा लोड झेलणारा रिले) टाका. जोडताना एक गोष्ट: बऱ्याच टायमरला फेज-न्यूट्रल दिला की फक्त घड्याळ चालतं, लाइटसाठी फेजचा एक लूप (छोटा वायरचा तुकडा) टायमरच्या कॉमन टर्मिनलला द्यावा लागतो आणि एनओ (नॉर्मली ओपन) टर्मिनलमधून लाइटकडे जायचं. काही टायमरमध्ये हा लूप आतूनच असतो, त्यामुळे बाजूला छापलेला डायग्रॅम बघितल्याशिवाय वायर लावू नका.

आता सर्वात महत्त्वाचं, काम करण्याआधी लाइन खरंच बंद आहे का ते बघणं. आधी टायमर मॅन्युअल ऑनवर टाका आणि लाइट लागलेला डोळ्याने बघा. हे नाही केलं तर टायमर ऑफ असल्यामुळे फिटिंगवर करंट दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल आयसोलेटर बरोबर बंद झालाय. मग आयसोलेटर आणि एमसीबी दोन्ही बंद करा, कुलूप लावता येत असेल तर लावून चावी खिशात, नाहीतर टेप मारून चिठ्ठी. डिजिटल टायमरचा डिस्प्ले यानंतरही आतल्या बॅटरीवर चालू दिसतो, त्यावरून काही ठरवू नका. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी चालू सॉकेटवर तपासा, मग फिटिंगवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि मग परत त्याच चालू सॉकेटवर, म्हणजे मीटर मध्येच मेला नाही ना ते कळतं. निऑनच्या टेस्टरवर जिवाचा भरवसा ठेवू नका. घरात इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर मेन बंद केला तरी काही लाइन जिवंत राहतात, हे डोक्यात ठेवा.

बाहेरची फिटिंग आणि जंक्शन बॉक्स आयपी ६५ (धूळ आणि पाण्यापासून बचावाचं रेटिंग) घ्या, पण केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथलं घट्ट बसणारं बूच) नीट कसला नाही तर त्या ६५ ला काही अर्थ नाही. केबल खालून आत घ्यायची आणि आत शिरण्याआधी तिला थोडा झोल ठेवायचा, पाणी तिथूनच गळून जातं. मेटल बॉडीला अर्थिंग हवंच. जमिनीतून न्यायची असेल तर आर्मर्ड केबल, म्हणजे धातूचं कवच असलेली.

सगळं झाल्यावर टायमर ऑफ करूनही लाइट मंद पेटत असेल तर बहुतेक फेजऐवजी न्यूट्रल तोडला गेलाय, वायर तपासा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतोय ना बघा. सूर्यास्ताची वेळ वर्षभर सरकते, सारखं सेटिंग बदलायचा कंटाळा असेल तर अ‍ॅस्ट्रोनॉमिकल टायमर घ्या, त्यात एकदा ठिकाण आणि तारीख टाकली की तो स्वतःच वेळ काढतो.