वळवाच्या वादळात कोंबड्या सांभाळताना या चुका टाळा

नाशिक भागात वळवाचं वादळ बहुधा दुपारी तीन-चारनंतर उठतं. त्या वेळी कोंबड्या उकिरड्यावर, द्राक्षबागेच्या बांधाला, कांद्याच्या चाळीखाली पांगलेल्या असतात आणि खुराड्याकडे वळतात त्या थेट दिवेलागणीला. मधल्या दोन-तीन तासांत वादळ आलं की सगळी धांदल उडते, आणि निम्मं नुकसान या धांदलीतच होतं. धोका फक्त एप्रिल-मेपुरता नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड-चांदवड पट्ट्यात गारपीट झाली होती, आणि ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग चक्रीवादळ इथपर्यंत वारा-पाऊस घेऊन पोहोचलं होतं.

चूक पहिली: आभाळ भरून आल्यावर कोंबड्या पकडायला धावणं

वाऱ्यात पाठलाग केला की कोंबडी आडोशाला घुसते. शेवग्याखाली, सुबाभळीखाली, लाकडांच्या ढिगात. शेवग्याची फांदी तर जरा जोराच्या झोताने मोडते. त्यामुळे पकडण्याची वेळच येऊ देऊ नका. हवामान विभागाचा यलो किंवा ऑरेंज अलर्ट असेल त्या दिवशी सकाळचा दाणा निम्माच द्या आणि दुपारी एक वाजता उरलेला दाणा खुराड्यात टाका. उपाशी कोंबडी आपोआप आत येते. पत्र्याच्या डब्यात मका खळखळवून बोलवायची सवय आठ-दहा दिवसांत लागते, ती मार्चमध्येच लावून ठेवा. हवामान विभागाचा तातडीचा इशारा पुढच्या तीन तासांचा असतो आणि विजेसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. हा इशारा आल्यावर फक्त दार लावायचं काम उरलेलं असावं.

खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी आणि पिल्लं डालग्याखाली, म्हणजे विणलेल्या टोपलीखाली, असतील तर त्यांना डालग्यासकट घरात किंवा पडवीत घ्या. डालग्यावर दगड ठेवून ते वाऱ्यात टिकत नाही.

चूक दुसरी: पत्र्यावर दगड ठेवणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात महाग पडते. वारा पत्र्याला बाजूला सरकवत नाही, वर उचलतो. खुराड्याच्या उघड्या तोंडातून शिरलेला वारा खालून ढकलतो आणि वरून वेगाने जाणारा वारा त्याच वेळी पत्रा ओढतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात ८ बाय ३.५ फुटांच्या एका पत्र्यावर हा जोर साधारण ४० ते ५० किलो भरतो, तर पत्र्याचं स्वतःचं वजन असतं जेमतेम १०-१२ किलो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. अशा वेळी दगड पत्रा धरून ठेवत नाहीत. पत्रा उडतोच आणि दगड आत कोंबड्यांवर पडतात.

पत्रा जे-हुक बोल्टने (एका टोकाला आकड्यासारखा वाकवलेला बोल्ट) किंवा सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने (स्वतःच भोक पाडत जाणारा स्क्रू) खालच्या अँगलला, म्हणजे लोखंडी आडव्या पट्टीला, बसवा. लाकडी वासा असेल तर लाकडाचे लांब स्क्रू वापरा. नुसता खिळा वाऱ्याच्या हादऱ्याने सैल होऊन उपसून येतो. बोल्ट पन्हळीच्या (पत्र्यावरच्या लाटेच्या) उंचवट्यावर घ्या, खोलगट नाळीत घेतला तर पाणी झिरपतं. प्रत्येक बोल्टला रबरी वॉशर हवाच. चारही कडांना एक पन्हळ सोडून एक आणि मधे दोन सोडून एक बोल्ट पुरतो. पत्रा कडेपासून उचकटायला सुरुवात होते, म्हणून कडेला कंजुषी नको. पावसाच्या आडोशासाठी पत्रा भिंतीबाहेर दोन-अडीच फूट काढला असेल तर वारा नेमका तिथेच हात घालतो. तो एक-सव्वा फुटावर आणा, किंवा खालून तिरका टेकू देऊन बोल्ट मारा.

एवढं करून भागत नाही. पत्रा अँगलला, अँगल खांबाला आणि खांब जमिनीला, अशी साखळी शेवटपर्यंत घट्ट पाहिजे. बऱ्याच ठिकाणी पत्रा चोख बसवलेला असतो, पण खांब नुसते फूटभर मातीत खोवलेले असतात. मग छप्परच अख्खं उडून शेजारच्या वावरात पडतं.

माती पाहून ताण द्या

चाकांचा किंवा हलका पिंजरा चारही कोपऱ्यांना ताणून बांधावा लागतो. सिन्नर, त्र्यंबककडच्या मुरमात दीड-दोन फूट ठोकलेली लोखंडी पहार चांगली धरते. गोदाकाठच्या, निफाडकडच्या काळ्या मातीत तीच पहार पहिल्या पावसात लोण्यातून निघावी तशी निघते. तिथे द्राक्षाच्या मांडवाला कडेने देतात तसा ताण द्या: दोन-अडीच फूट खड्डा, त्यात तार गुंडाळलेला १५-२० किलोचा आडवा दगड आणि वर चोपलेली माती. पहार वापरणार असाल तर वरचं टोक खुराड्यापासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवा.

ताणाला जाड जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार उत्तम. नायलॉनची दोरी ओली झाली की लांबते, आणि वर्षभर उन्हात राहिलेली प्लॅस्टिकची दोरी हातानेही तुटते.

शेडनेट असेल तर वादळाआधी गुंडाळून बांधा. त्याचं शीड होतं आणि जाळीबरोबर खांबही जातात. गच्चीवर पिंजरा असेल तर तो कठड्याला चिकटवून वाऱ्याच्या आडोशाला घ्या आणि कॉलमला बांधा. पाण्याच्या प्लॅस्टिक टाकीला बांधू नका, अर्धी रिकामी टाकी स्वतःच सरकते.

चूक तिसरी: चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळणं

वारा अडवायचा असतो, हवा नाही. मे महिन्यात बंद खुराड्यात वीस कोंबड्यांचा उच्छ्वास आणि विष्ठेचा अमोनिया अर्ध्या तासात साचतो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकते. दमट, कोंडलेल्या हवेत धापांचाही उपयोग होत नाही. वादळात एकही पत्रा न हलता कोंबड्या मेलेल्या सापडतात त्या यामुळे.

पडदा खालून पक्का करा आणि वर ओढा, वरून खाली सोडू नका. वाऱ्याची बाजू पूर्ण बंद ठेवा. विरुद्ध बाजूला छताखाली सहा ते नऊ इंचांची फट पूर्ण लांबीभर उघडी राहू द्या. नुसत्या छिद्रांत दोरी ओवून बांधलेली ताडपत्री फडफडत छिद्रांपाशी फाटते, म्हणून कडेवर लाकडी पट्टी ठेवून तिच्यातून स्क्रू मारा. वादळ सरलं की लगेच पडदे उघडा. रात्रभर तसेच ठेवू नका.

नवीन खुराडं बांधत असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि पश्चिमेची आखूड भिंत पक्की बांधा. मोसमी वारा-पाऊस इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूनेच येतो. वळवाचा वारा मात्र कुठूनही येतो, म्हणून दुसऱ्या बाजूंचे पडदेही तयार हवेत.

गारा आणि कोपरे

पत्र्यावर गारांचा मारा सुरू झाला की कोंबड्या घाबरून एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. चारही कोपऱ्यांत पुठ्ठा किंवा पत्र्याचा तुकडा वाकवून गोलाई करा. छताच्या आत फूटभर खाली गोणपाट ताणून बांधलं की आवाज बराच कमी होतो. उन्हाने जुनाट झालेले पारदर्शक प्लॅस्टिक पत्रे गारांनी फुटतात, ते आधीच बदला.

चूक चौथी: उबेसाठी आत निखारे

भिजलेल्या पिल्लांसाठी घमेल्यात निखारे ठेवून दार लावणं जीवघेणं आहे. कोळशाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि खुराड्यात खाली पसरलेल्या भाताच्या तुसाला आग लागायला एक ठिणगी पुरते. पिल्लं घरात आणून कोरड्या कापडाने पुसा आणि खोक्यात ठेवा. वीज गेली असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे पिल्लू हवं तेव्हा दूर जाऊ शकतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांना साधारण ३५ अंश ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. मोठी कोंबडी कोरडी करून आडोशाला ठेवली की स्वतःच सावरते.

वादळानंतरच्या चुका

खरा फटका पुष्कळदा आठवड्याने बसतो. ओल्या तुसात एक-दोन दिवसांत रक्ती हगवणीचे जंतू तयार होतात, आणि तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना पाच-सात दिवसांत रक्ताची विष्ठा, पंख पाडून गोळा होऊन बसणं सुरू होतं. मुठीत तूस दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते काढून टाका आणि तीन इंच कोरडं तूस पसरा. घोटीच्या राइस मिलमधून आणलेली दोन पोती पावसाआधीच कोरड्यात ठेवलेली बरी. ओल्या तुसावर नुसता चुना भुरभुरून काम संपवू नका, त्याने अमोनियाचा वास उलट आधी वाढतो. लक्षण दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. अंदाजाने अँटिबायोटिक देऊ नका, रक्ती हगवणीवरचं औषध वेगळं असतं.

भिजलेलं खाद्य वाळवून पुन्हा घालू नका. मका आणि शेंगदाणा पेंडीवर बुरशी लवकर धरते, आणि तिचं विष वाळवल्याने जात नाही. वीस कोंबड्यांना रोज दोन ते अडीच किलो खाद्य आणि उन्हाळ्यात आठ-दहा लिटर पाणी लागतं. तीन दिवसांचा साठा झाकण असलेल्या पिंपात, जमिनीपासून सहा इंच वर ठेवा. विहिरीची मोटर बंद असेल तर हेच पाणी उपयोगी पडतं.

नुकसान झालं असेल तर मेलेले पक्षी उचलण्याआधी फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला कळवा. मग दोन-तीन फूट खोल पुरा, ओढ्यात किंवा नाल्यात टाकू नका. आणि त्याच दिवशी अंधार पडायच्या आत जाळी हाताने चाचपून पाहा. फांदी पडून निघालेला जाळीचा एक यू खिळा (दोन टोकांचा वाकडा खिळा), दोन इंचांची फट, एवढं मुंगसाला पुरतं.